बाविसावा आवाज

उंब्रज,
रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

विश्वजित,

वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत, ते मुद्दाम. लिहिले असते तर तू तिथंच पत्र मिटलं असतंस.

नऊ दिवस तुला फोन लावतेय. काल पूजा मेथी निवडता निवडता म्हणाली, "आक्का, उगा लावू नगा. त्यांनी तुमचा नंबर बंद करून टाकलाय." मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तुझी बायको आहे, तुझ्याच बाजूनं असणार. पाकीट आणायला पोस्टात गेले तर खिडकीतला माणूस म्हणतो, "म्याडम, राखीला अजून लय वेळ हाय." त्याला काय सांगणार.

सांगलीतल्या माझ्या भाषणाचा व्हिडिओ तुला कुणीतरी पाठवला, एवढं कळलं. दीड मिनिटाचा तुकडा आहे तो. त्याच्या आधीचं त्यात नाही, ते ऐक.

पायरवस्तीच्या शाळेत बावीस मुलं आणि शिकवायला मी एकटी. दुसऱ्या गुरुजींची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. तुझी नंदू या बावीसमधली एक. पूजा तिला कराडला इंग्रजी शाळेत घालणार होती, तूच म्हणालास, "आक्काच्या हाताखाली राहू दे." चार वर्षं झाली, रोज माझ्या स्कूटीवर मागं बसून येते.

मुलाला वाचता येतं की नाही हे गेल्या जूनपासून आम्ही ठरवत नाही. अक्षरपंख नावाचं ॲप ठरवतं. मुलानं फोनसमोर एक पान मोठ्यानं वाचायचं. फोन ऐकतो, चुका मोजतो आणि पडद्यावर बिल्ला येतो: तांबडा, चंदेरी, नाहीतर सोनेरी. बिल्ला म्हणायचं नाही, डिजिटल बॅज म्हणायचं. शंभरातल्या पंचाण्णव मुलांना सोनेरी मिळाला की शाळेला सोनेरी, आणि शाळेला मिळाला की बाईंना. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मुलं हरखून गेली. ज्यांना पुस्तक काढा म्हटलं की तहान लागायची, ती मधल्या सुट्टीत फोनपाशी येऊन उभी राहायची. मलाही बरं वाटायचं.

जानेवारीत शेवटचं वाचन झालं. एकवीस मुलांना सोनेरी आला. नंदूच्या नावापुढं मात्र राखाडी चौकोन आला आणि त्यात लिहिलेलं, 'नक्कल'. म्हणजे तिनं दुसऱ्याचा आवाज वापरला. आपल्या नंदूनं. जी पहिलीत असताना आजीला रोज सकाळी पेपर वाचून दाखवायची, बाजारभावांसकट.

यंत्राची चूक आहे ही. यंत्रं चुकतात, तू फौजेतला, तुला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत. एकदा नक्कल ठरलेल्या मुलाला वर्षभर पुन्हा वाचता येत नाही, असा त्यांचा नियम. मी काय करणार होते?

सांगलीत मला शाळेची यशोगाथा सांगायला बोलावलं होतं. तिथं मी म्हणाले, "एकवीस मुलं सोनेरी झाली. एक मागं राहिलं, ते माझ्या सख्ख्या भावाचं आहे. मी तिला पाठीशी घातलं नाही." टाळ्या पडल्या. तुला त्या टाळ्या लागल्या असतील. पण मी नंदूचं नाव घेतलं नाही, हे तरी लक्षात घे.

पाचगणीचंही मी विसरलेले नाही. तिथली निवासी शाळा सोनेरी बिल्ल्याचं एक मूल तालुक्यातून घेणार, बारावीपर्यंत फुकट, हे नंदूला तूच दिवाळीत सांगितलं होतंस. तिनं तेव्हाच पेटीवर नाव लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी बघू.

तुझी आक्का


उंब्रज,
रविवार, ३ मार्च २०२४

विश्वजित,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच लिहितेय.

पाचगणीच्या शाळेची यादी लागली. आपल्या तालुक्यातून ऋषिराजचं नाव आलं, सगळ्यात कमी चुका त्याच्या होत्या म्हणून. नाथाजीचा ऋषिराज. नाथाजी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे, तुझ्याबरोबर फौजेच्या भरतीला पळाला होता तो. त्यानं सगळ्या वस्तीत पेढे वाटले. आपल्याही घरी आणले. नंदूनं दोन घेतले, एक आजीला दिला, एक खाल्ला आणि हात धुवून आली.

गेल्या सोमवारी तो पोराला घेऊन पाचगणीला गेला. नवा शर्ट, नवे बूट. तिथं त्यांनी ऋषिराजच्या हातात एक पुस्तक दिलं आणि वाच म्हणाले. तो उभा राहिला. अर्धा तास तसाच उभा होता, असं नाथाजी सांगत होता. शेवटी तिथल्या बाईंनी पुस्तक काढून घेतलं आणि त्याला सरबत दिलं.

तू विचारशील की सोनेरी बिल्ल्याच्या पोराला वाचता कसं आलं नाही. तर ऐक. मागच्या पत्रात मी हे लिहिलं नव्हतं.

वस्तीवरचा टॉवर डिसेंबरपासून बंद होता. ॲपला नेट चालू असताना वाचावं लागतं. वीस जानेवारी ही शेवटची तारीख होती आणि केंद्रप्रमुख रोज ग्रुपवर आमच्या शाळेचं नाव लाल रंगात टाकत होते. भोगीचा दिवस, रविवार. मी घरी होते, घरी नेट होतं, आणि घरी नंदू होती. मी बावीस मुलांचे क्रमांक कागदावर लिहिले आणि तिला समोर बसवलं.

तिला तो खेळ वाटला. गणेशसाठी जाड आवाज काढला, साक्षीसाठी नाकात बोलली. आई चुलीपुढं बसून हसत होती. नंदूनं मला विचारलं, "आत्या, ऋषिराजवाणी अडखळत वाचू का?" मी म्हटलं, नको, नीट वाच.

तिचा स्वतःचा नंबर मी शेवटी ठेवला. का ठेवला, ते तुला सांगायला नको. आपल्या घरात पंगत बसली की घरच्या पोरांची ताटं शेवटी वाढतात. लहानपणी तू आणि मी लोकांचं जेवण होईस्तोवर भिंतीला टेकून बसायचो. वर्गातही मी तेच करत आले. खाऊ वाटायचा तर नंदूला शेवटी, पहिल्या बाकावर बसायचं तर नंदू शेवटी. कुणी म्हणायला नको, बाईंनी भाचीला आधी दिलं.

ऋषिराज एकविसावा होता, कारण त्याला सोनेरी द्यायला माझाच हात धजत नव्हता. तोवर ती दमली होती. त्याचं पान तिनं आपल्या साध्या आवाजात वाचलं, आणि मग स्वतःचं, त्याच आवाजात. फोननं आधी आलेल्याला खरं धरलं.

म्हणजे यंत्र चुकलं नाही. आवाज एकच होता, हे त्यानं बरोबर ओळखलं. बिल्ले वाटताना माझ्या शाळेत खरं वाचणारं मूल तेवढं नक्कल ठरलं.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर मी बिल्ले रंगीत छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून मुलांच्या छातीवर लावले. पिनांचं ताट धरायला कुणीतरी हवं होतं. ते नंदूनं धरलं.

विजयमाला


उंब्रज,
रविवार, २४ मार्च २०२४

विश्वजित,

आज होळी. पुरणाचा वास घरभर आहे आणि घरात कुणी कुणाशी बोलत नाही. पूजा माझं ताट वाढून झाकून ठेवते, हाक मारत नाही.

मागचं पत्र तू तिला फोनवर वाचून दाखवलंस, हे मला भिंतीपलीकडून कळलं. ती रडली. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "आक्का, यंत्राला कळलं न्हाई, येक वेळ समजू शकते. पर तुमाला ठावं हुतं. तुमी तवा का बोलला न्हाई?" मी म्हटलं, बोलायला कुणी विचारलंच नाही.

हेही खोटं होतं.

विचारलं होतं, विश्वजित. ॲपनंच विचारलं. दोन आवाज सारखे निघाले की ते शिक्षकाला विचारतं, यातला खरा कोणता? पडद्यावर दोन नावं होती. वर ऋषिराज, खाली राजनंदिनी, आपली नंदू. एकावर बोट ठेवायचं. चोवीस तास मुदत होती. मी ते पाच मिनिटांत केलं.

तू म्हणशील शाळेचा बिल्ला जाईल म्हणून घाबरले. तसंही नव्हतं. दोघांतलं कुणीही गेलं असतं तरी एकवीसच उरत होते, शाळेचं सोनं तसंच राहत होतं. मी हिशेब करून बघितला होता. मला मोकळीक होती, आणि मी नंदूला काढलं.

ऋषिराजला काढलं असतं तर नाथाजी दारात आला असता. वस्तीतली माणसं म्हणाली असती, बाईंनी आपलं राखलं. नंदूला काढलं तर कोण येणार होतं विचारायला? तू तिकडं बर्फात. पूजा मला उलटून बोलत नाही. आईला काही कळत नाही. घरचं पोर, सोसेल. आणि खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते: पुढं सांगलीत बोलले ते वाक्य बोट ठेवताना तेव्हाच माझ्या डोक्यात तयार होतं. भाचीला पाठीशी न घालणारी बाई. मला ती बाई आवडली होती.

नंदू माझ्या शेजारी बसलेली होती. तिला वाचता येतं. तिनं वरचं नाव वाचलं, खालचं वाचलं, माझं बोट बघितलं. मला म्हणाली, "आत्या, तुझं बोट चुकलं." मी म्हटलं, नाही चुकलं.

तेव्हापासून ती मोठ्यानं वाचत नाही. बोलते, खेळते, भांडते, पाढे म्हणते. पुस्तक हातात घेतलं की मात्र ओठ मिटून. आईचा पेपर सकाळी तसाच घडी घालून पडतो. आई दोनदा म्हणाली, "का गं पोरी, आज बातम्या न्हाईत का?" नंदू म्हणाली, "हायत की. पर वाचायचा आवाज माजा न्हाई."

पत्र इथंच थांबवते. होळी पेटवायला खाली बोलावतायत.


उंब्रज,
रविवार, १४ एप्रिल २०२४

विश्वजित,

तू पूजाकरवी निरोप दिलास की आक्काला म्हणावं, पत्रं लिहून मन हलकं करू नको, जिथं सांगायचं तिथं सांग. बरोबर आहे तुझं. मला तुझा राग आला, तरी बरोबर आहे.

मी सांगितलं. दोन पानांचा अर्ज लिहिला, बावीसही वाचनं एकाच मुलीची आहेत, दोष माझा आहे, मुलीच्या नावापुढचं 'नक्कल' काढावं. खाली सही केली आणि घेऊन तालुक्याला गटशिक्षणाधिकारी साहेबांकडं गेले. नोकरी जाईल म्हणून आदल्या दिवशी कपाट आवरून ठेवलं होतं, हे ऐकून हसशील.

साहेबांनी दोन्ही पानं वाचली. मग उठून दार लावलं. "म्याडम, आता हे कशाला काढताय? आकडे वर गेलेत. आपला तालुका पहिला हाय." मी म्हटलं, मग मुलीचं काय. ते म्हणाले, "ॲपमधी बिल्ला द्यायची सोय हाय, काढून घ्यायची न्हाई. नक्कलबी तशीच. आलेलं जात न्हाई." अर्ज घडी घालून त्यांनी माझ्याच पर्समध्ये ठेवला. माणूस वाईट नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण जाता जाता म्हणाले, "थांबा, पोरीसाठी कायतरी करतो." फोनवर दोनचार ठिकाणी बोट लावलं. माझा फोन वाजला. राजनंदिनीला बिल्ला आला होता. निळा. 'सहभागाबद्दल'.

तो मी तिला दाखवला नाही. एवढी अक्कल उरलीय.

नोकरी गेली नाही. साधी नोटीससुद्धा नाही. मे महिन्यात आणखी एका ठिकाणी यशोगाथा सांगायला या, असं पत्र मात्र आलं. ते मी चुलीत घातलं.

साहेबांकडून निघाले ती थेट वस्तीवर नाथाजीकडं गेले. तो गोठ्यात होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो मला शिव्या देईल असं वाटलं होतं, आणि दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "बाई, त्याला वाचाय येत न्हाई हे मला ठावं हुतं. पोरगं माजंच हाय, मला दिसतं. पर बिल्ला आला, तवा वाटलं, आपुन अडाणी, आपल्यालाच कळत नसंल."

विश्वजित, बावीस वर्षं मी शिकवतेय. एवढं लागणारं मला कुणी बोललं नाही.

मी म्हटलं, ऋषिराजला सुट्टीत माझ्याकडं पाठव, मी शिकवते. तो म्हणाला, "आता तरी शिकवा." त्यानं 'आता तरी' वर जोर दिला नव्हता. मला तो ऐकू आला.

आक्का


उंब्रज,
रविवार, ५ मे २०२४

विश्वजित,

तुझं पत्र आलं. मला नाही, नंदूला. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी ते फोडायलाच निघाले, मग नाव बघितलं.

नंदूनं ते दारातच उघडलं, उभ्या उभ्या मनात वाचलं. आई म्हणाली, "वाच की गं मोठ्यानं, माज्या लेकाचं हाय." ऋषिराज तिथंच पाटी घेऊन बसला होता. सुट्टी लागल्यापासून नाथाजी त्याला रोज सकाळी बाजाराला येताना माझ्याकडं सोडतो. नंदूनं पत्र त्याच्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाली, "तू वाच. सोनेरी तुज्याकडं हाय."

त्याचे कान लाल झाले. तो 'प्रिय' एवढंच वाचू शकला, तेही बोट ठेवून. आई वाट बघत राहिली. नंदू त्याच्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या वयाच्या पोरीच्या चेहऱ्यावर कधी बघितलं नव्हतं. तिला बरं वाटत होतं. ते मी तिला शिकवलं. त्याला कुठला बिल्ला नाही.

पत्र मी वाचून दाखवू शकले असते. नाही दाखवलं. ते माझं नव्हतं. पूजानंही हात लावला नाही, ती म्हणाली, "ज्याचं त्यानं वाचावं." मग ऋषिराजनंच दुसऱ्या दिवशी ते उचललं आणि मला म्हणाला, "बाई, पुस्तक नगं. ह्येच शिकवा." चौथीतलं पोर, लाज गिळून हे म्हणालं. चार दिवस आम्ही तुझंच पत्र शिकतोय. दिवसाला दोन ओळी. आई जवळ बसून ऐकते, तिला तेवढंही पुरतं. नंदू आतल्या खोलीत असते.

आज तो तिसऱ्या परिच्छेदावर आला. 'इथे अजून बर्फ आहे...' बर्फाला अडला. ब म्हटलं, फ म्हटलं, वर काय आहे ते कळेना. मी मुद्दाम सांगितलं नाही. आतून आवाज आला, "बर्फ." नंदू उंबऱ्यात उभी होती. आणि मग तिथूनच, पत्र हातात न घेता, पाठ असल्यासारखी ती अख्खी ओळ म्हणाली. 'इथे अजून बर्फ आहे, पण दुपारी ऊन पडतं तेव्हा मी तुझ्या पेपरवाचनाची आठवण काढतो.' स्पष्ट, मोठ्यानं, पूर्वीसारखी. आईनं डोळ्याला पदर लावला. ऋषिराज तिच्याकडं तोंड उघडं टाकून बघत होता.

मग तिचं लक्ष कपाटावरच्या माझ्या फोनवर गेलं. ती मला म्हणाली, "आत्या, तुजा फोन बंद हाय नव्हं?"

तो चालू होता, विश्वजित.

तिचा आवाज आला तसा मी हात मागं नेऊन त्यात रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. पूजाच्या फोनवरून तुला पाठवायचं होतं. बघ, पोरगी वाचायला लागली, आता तरी माझ्याशी बोल, एवढंच त्यामागं होतं. पुन्हा एकदा तिचं वाचन मी माझ्या नावावर घालायला निघाले होते.

मी फोन खाली घेतला आणि तिच्यादेखत पुसून टाकलं. तिनं पडदा हातात धरून नीट तपासला. आत गेली. ऋषिराजनं पुढची ओळ स्वतःच लावायला घेतली, ती अजून लागलेली नाही.

त्यामुळे ती वाचली याचा पुरावा माझ्याकडं नाही. तुला तो आवाज ऐकायचा असेल तर सुट्टी टाकून घरी ये. माझ्याकडून मागू नकोस.

आक्का